दोरीवरच्या पिशव्या

दुधाची पिशवी उलटी करून धुते,
दोन्ही कोपरे चिमट्यात धरून
गॅलरीतल्या दोरीवर टांगते.
समोरचे इंगवले रोज विचारतात,
"बाई, एवढे पापड कुणाच्या लग्नाचे?"

छत्तीस वर्षं गणित शिकवलं, सवय जात नाही.
एका पिशवीला अर्धा तांब्या पाणी.
महिन्याला साठ पिशव्या, तीस तांबे.
हे पाणी आधी विजेवर वर चढवलेलं,
गाळलेलं, औषध घातलेलं,
आणि माझ्या मोरीतून ते निघतं
जयंती नाल्याकडं, म्हणजे पंचगंगेकडंच,
जरासं दूध, जरासा साबण घेऊन.
आता नदीला मी काय दिलं
आणि तिचं काय घेतलं?
हातचा कुठं धरायचा?

एकदा हट्टानं दस्तगीर शिकलगारच्या गोडाऊनला गेले,
उद्यमनगरच्या मागच्या अंगाला.
त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.
तो आला प्लास्टिकच्या कपात.
आम्ही दोघांनीही कपाकडं बघितलं नाही.
म्हणाला, "लोखंडाचं खोटं नाही, बाई.
तुमचा मोडका तवा भट्टीत गेला
की पंपाचं अंग होऊन निघतोय.
पुठ्ठा चार-दोन जन्म घेतो, मग त्याचा दम संपतो.
तुमच्या पिशवीचे दाणे, दाण्यांची काळी पाईप,
पाईप उसात. ती फुटली की पुढं
मला नका विचारू.
आणि ही,"
वेफर्सचं चंदेरी पाकीट त्यानं बोटांत धरलं,
"हिला कोण सोयराच नाही."
कोपऱ्यात त्या पाकिटांचा ढीग,
कवडसा पडला की मखरासारखा झळकायचा.
हे कुठं जातं, विचारलं.
त्यानं चहा संपवला.

मग पूर आला. कुंभार गल्लीत कमरेएवढं पाणी,
आम्ही चार दिवस वरच्या मजल्यावर.
ओसरलं तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, गाळात,
एक बरणी.
झाकणावर पक्क्या शाईनं, माझ्याच अक्षरात: मेतकूट.
दोन वर्षांमागं धुऊन पुसून दिली होती,
त्या रात्री पुण्य केल्यासारखी झोपले होते.
उघडली. आत चिखल, आणि एक गोगलगाय,
जिवंत.

त्यानंतर महिनाभर मी काहीच धुतलं नाही.
केळीची सालं, गोळ्यांची पाकिटं, जुनी ब्लेडं,
सगळं एका डब्यात.
सकाळी गाडी गाणं वाजवत यायची आणि गिळून जायची.
बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग यल्लव्वा दारात. अंगठ्याला चिंधी.
"काय झालं गं?"
"तुमच्याच डब्यातलं बिलेड, बाई."
रागानं नाही, रद्दीचा भाव सांगावा तशी बोलली.
"धुऊन देत हुता, तवा पोत्याला वास नव्हता.
आता आंबूस घाण, गल्लीभर कुत्री मागं."

हळद दिली. तिनं चिंधी सोडली नाही,
हळद पदराला बांधून घेतली.

मी परत दोरी ताणली.
नदीसाठी म्हणणार नाही,
नदीचं उदाहरण मला अजून सुटलेलं नाही.
एका अंगठ्यापुरतं सुटलंय,
तेही बहुतेक.

आणि मुळात पिशव्याच कमी याव्यात म्हणून
संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर जाते,
किटली घेऊन. म्हशीची धार समोर, फेसासकट.
जाताना चालत, येताना रिक्षा,
गुडघे ऐकत नाहीत.
रिक्षाचा धूर वहीत अजून मांडलेला नाही.

काल यल्लव्वानं माझं पोतं उचललं,
एका हातानं.
जरा हलवून बघितलं.
म्हणाली, "बाई,
घरातली माणसं कमी झाली काय?"